माझ्या वजनाचा गूळ

नारायणगावला जाणाऱ्या जीपमध्ये माझी जागा वर्षानुवर्षं ठरलेली होती. मधल्या सीटवर चार जण दाटीवाटीनं बसले की ड्रायव्हर माझ्याकडं बघून म्हणायचा, "ताई, तुमी घुसा मधी. तुमाला काय जागा लागती व्हय?" एकदा मी म्हटलं, "भाऊ, अर्धी जागा देताय तर भाडंपण अर्धंच घ्या." सगळी जीप हसली, तोही हसला, आणि मला मध्येच कोंबलं.

मी बोरी बुद्रुकची. नारायणगावात एका औषधाच्या दुकानात कामाला जाते. म्हणजे वजन वाढवायच्या पावडरींचे डबे मीच विकते, आणि गिऱ्हाईक डब्याकडं न बघता माझ्याकडं बघतं. एका बाईनं तर हातातला डबा परत ठेवला. "एवढं चांगलं असतं तर तुमीच नसतं का खाल्लं?" मालक म्हणाले, "तू जरा खोकल्याच्या औषधांपाशी उभी राहत जा." काय बोलणार! बाई खरं तेच बोलली होती.

लहानपणापासून मी हे ऐकत आलेय. फुंकर मारली तर उडशील. हाडं मोजून घ्या हिची. खाल्लेलं जातं कुठं हिच्या? खायला काळ नि भुईला भार म्हणतात ना, तसं माझं निम्मंच होतं. खायला काळ होते, भुईला भार तेवढा होत नव्हते. मी उलट बोलायला शिकले ती याच टोमण्यांमुळं. आई मात्र कुणालाच काही बोलायची नाही. कुणी माझ्या अंगावरून बोललं की ती पदर सारखा करायची आणि उठून चुलीपाशी जायची.

आणि आमच्या घरात एक नवस अडकून पडला होता. माझ्याच वजनापायी.

मी सातव्या महिन्यात जन्मले. मंचरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं मला. आई सांगते, मूठभर होतीस, रडायचासुद्धा आवाज नव्हता. तेव्हा आई गावच्या देवीला बोलली, पोर जगू दे, तिच्या भारंभार गूळ वाटीन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ, आणि तो सगळा गूळ गावात प्रसाद म्हणून वाटायचा. मी जगले. वर्षाची झाले तेव्हा हा नवस फेडायचा होता. पण माझी थोरली काकू ओट्यावर सगळ्या बायकांत म्हणाली, "एवढ्याशा पोरीला कितीसा गूळ लागनार! ढेप फोडायची पन गरज न्हाई." बायका हसल्या. आई घरात आली आणि आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना म्हणाली, "यंदा नको. जरा अंग धरू दे तिला."

ते अंग काही धरलं नाही. पुढच्या चैत्रात यात्रा आली, मग त्याच्या पुढची आली. मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, कामाला लागले. दरवर्षी आई यात्रेच्या आधी मला वरखाली न्याहाळायची आणि म्हणायची, "पुढच्या साली बघू." देवीच्या देवळात गेलो की ती समोर उभी राहत नसे, जरा कडेला उभी राही. देणेकरी उभा राहतो तशी.

मागच्या दिवाळीनंतर गावात रक्तदानाचं शिबिर झालं. मी हौसेनं गेले. वजनकाट्यावर उभी राहिले, तर तिथला माणूस म्हणाला, "ताई, नाय जमायचं. पंचेचाळीस तरी पाहिजे." मी उतरले. आई मागं उभी होती, कारण आण्णांनीही रक्त द्यायचं ठरवलं होतं. तिथली एक बाई सहज बोलून गेली, "मावशी, लेकीला खाऊपिऊ घाला जरा." सहजच बोलली ती, मनात काही नव्हतं तिच्या. पण आई घरी आल्या आल्या तुपाचा डबा काढून माझ्या ताटात पळी ओतायला लागली.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बास झालं! या यात्रेला मला तोल. आहे अशी तोल. देवीनं मला बघितलंय, तिला काय फसवायचंय?"

"न्हाई," आई म्हणाली. "कमी पडलेलं देवीला दाखवायचं न्हाई मला."

"मी काय कांदा आहे का, कमी पडायला?"

ती रडायलाच लागली. मग आण्णा मध्ये पडले. आण्णा बोलतात कमी, पण बोलले की विषय मिटतो. "यात्रेला चार-पाच महिने हायेत," ते म्हणाले. "डाक्टरनीला दाखवा. ती सांगंल तसं करा. आन चैत्रात जी भरंल ती भरंल. नवस फेडायचा म्हंजे फेडायचा."

आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई बसतात. आईला घेऊन मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, जंताचं विचारलं. सगळं ठीक निघालं. मग काय खातेस ते विचारलं, आणि मी छाती पुढं करून सांगितलं की मी भरपूर खाते. त्यांनी एकेक तास विचारत नेला तेव्हा माझं पितळ उघडं पडलं. सकाळी उपाशीपोटी चहा, दुकानात चहा, दुपारी डबा अर्धा, परत चहा, आणि रात्री मात्र पोट फुटेपर्यंत. "चहानंच भूक मारतेस तू," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कशी होती ही?"

मी बोलायच्या आधी आई बोलली. खाली बघूनच. "सातव्या म्हैन्यात झाली, बाई. आन माजं दूध कमी पडलं. हिला पुरलंच न्हाई. तवापासनं ही अशी ऱ्हायली. चूक माजीच हाये."

मी तिच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं की तिला माझी लाज वाटते. ते डिंकाचे लाडू, ते खारकेचं दूध, ते 'अजून एक घास' म्हणून मागं लागणं, याचा मला वीट आला होता. आणि ही बाई इतकी वर्षं मनाशी धरून बसली होती की तिचंच काहीतरी कमी पडलं. लोक माझ्या अंगावरून बोलायचे, ते सगळं तिला लागत होतं. तिला मिठी मारावी असं फार वाटलं, पण आमच्याकडं तसं कुणी करत नाही. मी तिच्या हातातली पिशवी माझ्याकडं घेतली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिचे वडील कसे आहेत अंगानं?"

"काडी," आई म्हणाली.

"आणि आत्या?"

"ती बी तसलीच. लुगडं वाळत घातल्यागत."

"मग बांधाच आहे तो. तुमचं काही कमी पडलेलं नाही. ही लठ्ठ कधीच होणार नाही आणि व्हायचीही गरज नाही. थोडं अंग भरलं, ताकद आली, की झालं." आईनं मान डोलावली. डॉक्टरांपुढं डोलावतात तशी. तिला त्यातलं काही पटलं नव्हतं हे मला दिसत होतं.

मग सुरू झालं. उठल्यावर चहा बंद, त्याच्या जागी केळं आणि दूध. दुकानात जाताना डब्याबरोबर दुसरी डबी, शेंगदाणे-गूळ नाहीतर उकडलेली अंडी. जेवण एकदम न कोंबता थोडं थोडं, पण दोन-तीन तासांनी. भाकरीवर तूप, तिळाच्या चटणीवर तेल, मटकीची उसळ, रात्री दही. रविवारी आई मासवड्या करायची. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, शेंगदाणे भरून, वड्या पाडून, वर झणझणीत रस्सा. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "घराघरांत एवढं सगळं असताना लोक पावडरीचे डबे कशाला विकत घेतात!" मी म्हटलं, "हळू बोला, खाली मालक आहेत."

नुसतं खाऊन भागणार नव्हतं. अंगावर मांस चढायचं तर वजन उचलायला हवं, असं त्यांनी सांगितलं होतं. हे आण्णांनी मनावर घेतलं. टोमॅटोचं रिकामं क्रेट घेतलं, त्यात थोडे कांदे टाकले आणि म्हणाले, "हे उचलायचं आन ठेवायचं. कंबर वाकवायची न्हाई, गुडघ्यात बसायचं." रोज संध्याकाळी अंगणात मी क्रेट उचलायची आणि आण्णा बाजेवर बसून बघायचे. काही दिवसांनी क्रेट जड लागायला लागलं. मला वाटलं, अशक्तपणा आला. बघते तर आण्णा मला न सांगता त्यात कांदे वाढवत होते. विचारलं तर म्हणाले, "मापात हाये." एवढंच.

सगळं सरळ झालं असं नाही. पहिला महिना काटा जागचा हलला नाही. मी वैतागून डबी कोनाड्यात आपटली. त्याच आठवड्यात आईनं बाजारातून कुणाकडून तरी वजन वाढवायचं चूर्ण आणून माझ्या दुधात कालवलं. मला वासावरून कळलं, औषधाच्या दुकानात उगाच काम करत नाही मी. "आई, असल्या चूर्णात काय घालतात माहितीये? तोंड सुजतं, लोकांना वाटतं बाळसं आलं, आणि आत सगळी वाट लागते." ती म्हणाली, "लवकर व्हावं वाटलं गं." मी ते चूर्ण उकिरड्यावर ओतलं आणि तिच्याशेजारी बसून मुकाट्यानं केळं खाल्लं. तिच्यासाठी खाल्लं, पोटात भूक नव्हती.

पुढं हळूहळू फरक पडला. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दम लागेना. ब्लाऊजची शिवण उसवावी लागली तेव्हा आई शिंप्याकडं स्वतः गेली आणि चार बायकांना सांगून आली. माघात एकदा जीपवाला म्हणाला, "ताई, घुसा मधी." मी घुसले, तर शेजारचा बाबा कुरकुरला, "अवो, जागा कुठं हाये?" मला इतका आनंद झाला की मी त्या बाबाला शेंगदाणे दिले.

चैत्र आला. मी सत्तेचाळीस किलो भरले होते. आईला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. घाबरत असावी.

यात्रेच्या सकाळी गावातल्या एका आडत्याकडचा जुना मोठा तराजू देवळापुढच्या चिंचेला टांगला. आता सगळीकडं इलेक्ट्रॉनिक काटे आलेत, पण आई म्हणाली, "आकडा नको. पारडं पायजे." आण्णा आणि आई गुऱ्हाळावरून ढेपा घेऊन आले. दहा-दहा किलोच्या मोठ्या आणि थोड्या बारक्या. मी बघितलं तर ढेपा जरुरीपेक्षा जास्त दिसल्या. म्हटलं, जाऊ दे.

सगळं गाव जमलं. थोरली काकू अगदी पुढं, खुर्ची टाकून. मी नऊवारी नेसून पारड्यात बसले. समोरच्या पारड्यात आण्णा ढेप ठेवायचे आणि आई हात जोडून उभी. पारडं हललं. अजून एक ढेप. मग बारकी एक, अजून एक, आणि माझे पाय भुईवरून उचलले गेले. काटा मधोमध आला. गुरवानं शंख वाजवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग काकू म्हणालीच, "अगं, गूळ ऱ्हायला की! दोन ढेपा शिल्लक!"

आईनं त्या दोन ढेपांकडं बघितलं. तिनं मनात धरलेलं वजन माझ्यापेक्षा तेवढं जास्त होतं. तिचा हात पदराकडं गेला. मला तो हात पाठ होता. आता ती चुलीपाशी जाणार, आणि इथं तर चूलही नव्हती.

मी पारड्यातूनच ओरडले, "गुरवकाका, नवस फिटला ना?"

"फिटला की! देवीचं देवीला पोचलं. आता काय का करा."

"आण्णा, त्या दोन ढेपा पण टाका पारड्यात." आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि टाकल्या. मी भस्सकन वर गेले. "आता आईला इकडं आणा."

"अगं, येड लागलं का तुला!" आई म्हणाली. पण आण्णांनी माझं पारडं खाली दाबून धरलं आणि दोन बायकांनी हसत हसत तिला माझ्यापुढं बसवलं. मी मागून तिच्या पोटाला घट्ट मिठी घातली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही अख्ख्या गावापुढं. आण्णांनी हात सोडला. आमचं पारडं जमिनीला टेकलं ते हललंच नाही. समोर गुळाची सगळी रास अधांतरी लोंबकळत राहिली.

"काकू," मी म्हटलं, "घरात गूळ असला तर आणा थोडा."

काकूसकट सगळे हसले. आईचं अंग माझ्या हातात थरथरत होतं. मला वाटलं, रडतेय. वाकून बघितलं तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. समोरच्या गुळाकडं बोट करून ती आण्णांना म्हणाली, "अवो बघा तरी. गूळच कमी पडला!"