कोठ्याच्या दारातला कुत्रा

कुत्रा मी पाळला नाही, तो माझ्या वाट्याला आला. नाकाडोंगरीच्या सासरी मी नवी होते. रोवणी, म्हणजे भाताची लावणी आटोपल्यावर सासऱ्यांनी कुठूनसं एक पिल्लू आणलं. अंगाने तांबूस, पुढचा एकच पाय पांढरा. उरलासुरला भात त्याला घालायचं काम धाकट्या सुनेचं, म्हणजे माझं. माझं माहेर मोहाडीचं. तिथे कुत्रा दिसला की आम्ही ‘हाड’ म्हणायचो, एवढीच काय ती ओळख.

त्यामुळे सगळं चुकतमाकत शिकले. तिखट वरणभात घातला, तर त्याने अंगण घाण केलं आणि ते मलाच सारवावं लागलं. त्याच्या कानातल्या गोचिडी मी तीळ समजले होते. माझ्या लग्नातल्या चपलेचा एक पट्टा त्याने खाल्ला, तेव्हा मी खराटा उगारला. तो पळाला नाही, उलटा पडून पोट दाखवायला लागला. अशा प्राण्याला कोण मारणार? खराटा खाली ठेवला आणि तिथेच माझं वाटोळं झालं. मग तो माझ्या मागे मागे विहिरीपर्यंत यायचा, आणि मी त्याच्याशी माहेरच्या गोष्टी बोलायचे. त्या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तोच एक होता, हे आज स्पष्टच सांगते.

एके दिवशी तांदूळ पाखडता पाखडता सासूबाईंना विचारलं, “आत्याबाई, याचं नाव काय ठेवलं जी?”

त्यांनी सुपातून नजरही वर केली नाही. “कुत्र्याचं कायले नाव ठेवतं वं? दिवाळी झाली का बिबट नेते त्याले.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. जंगलाला लागून असलेल्या आमच्या वस्तीत ही रीतच होती. धान कापून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं मोकळी झाली की बिबट गावाकडे सरकतो. शेळ्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात कोंडायच्या आणि कोठ्याच्या दारापुढे खुंट्याला कुत्रा साखळीने बांधायचा. उपाशी जनावर आलं तर काहीतरी नेणारच. शेळी जाण्यापेक्षा कुत्रा गेलेला बरा. पुढच्या पावसाळ्यात दुसरं पिल्लू आणायचं. आमच्या घरी असे किती गेले, कुणालाच आठवत नव्हतं. नावंच नव्हती, तर आठवणार कसे?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राखण करणारा कुत्रा मी समजू शकते. मोकळा असला तर तो भुंकेल, पळेल, जीव वाचवेल. पण हा तर बांधून वाढलेला घास होता, आणि त्याला पोसून मोठं करत होते मी! त्याच दिवशी मी त्याला नाव ठेवलं आणि विहिरीवर चार बायकांसमोर मोठ्याने हाक मारली. तो कान टवकारून धावत आला. बायका हसल्या. हसू देत.

दिवाळी झाली. धान खळ्यावर आलं. एका संध्याकाळी सासऱ्यांनी खुंटीवरची साखळी काढली.

दिवे लागणीची वेळ होती. मी घरातली खाट ओढत अंगणात आणली आणि कोठ्याच्या दाराशी टाकली.

“हे काय चालवलं?” सासरे म्हणाले.

“तो इथं झोपन तर मी बी इथंच झोपीन, मामाजी.”

सासूबाई धावत बाहेर आल्या. “याड लागलं का तुले? लोकं पाहून राहिले!”

लोक खरंच पाहत होते. शेजारीण तर कुंपणाला टेकूनच उभी राहिली. आमचे हे खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. बायकोची बाजू घ्यावी की आईची, असा प्रश्न पडला की ते नेहमी जमीनच उकरतात.

“मंग का घरात घेशीन त्याले? देवाच्या घरात कुत्रं?” सासूबाई कडाडल्या.

“तुमच्या देवघरात दत्ताचा फोटो आहे न जी? त्याच्या पायाशी चार कुत्रे आहेत. त्याहीले रोज फूल वायता. मी तं एकच आनून राहिली.”

दत्ताचं नाव ऐकताच आत्याबाईंनी हात जोडले. सून अंगणात झोपली तर गावात नाक कापलं जाईल, हे सासऱ्यांना कळत होतं. त्यांनी साखळी परत खुंटीवर अडकवली. म्हणाले, “पडवीत ठेव. पन शेळी गेली तं तुलेच पाहीन.”

“पाहा,” मी म्हटलं.

पण म्हणणं सोपं असतं. शेळी गेली असती तर कुत्र्याचं पडवीत राहणं तिथेच संपलं असतं, बहुतेक माझं तोंड उघडणंही. दुसऱ्या दिवशी कोठ्याचं दार नीट पाहिलं. बांबूची ताटी, तीही खालून कुजलेली. हाताने ढकलली तर वाकली. तेव्हा लक्षात आलं, इतक्या वर्षांत हे दार कुणी नीट का केलं नाही. दारापुढे कुत्रा असायचा ना! माहेरी जुना लोखंडी दरवाजा गंजत पडला होता. भावाला फोन करून तो टेम्पोत घालून मागवला. ह्यांनी मुकाट्याने बसवून दिला. बायकोच्या हुंड्यात दरवाजा आला म्हणून गावात आमची थट्टा झाली.

थंडी वाढली तसा एका रात्री कुत्रा पडवीत नुसता गुरगुरत राहिला. सकाळी अंगणात पंज्यांचे ठसे होते. कुंपणापासून सरळ खुंट्यापर्यंत आलेले. खुंट्याभोवती तर माती तुडवून निघाली होती. तिथून ते कोठ्याकडे गेले होते आणि लोखंडी दारावर खालच्या बाजूला ओरखडे होते. आत शेळ्या रवंथ करत उभ्या होत्या.

सासूबाई त्या खुंट्याकडे पाहत राहिल्या. मग आत गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कुत्र्याला ताजा भात वाढला. मला हसू काही लपवता आलं नाही.

शेजारणीच्या अंगणात मात्र नुसती साखळी पडली होती. तिला त्याचं विशेष वाटलं नाही. पावसाळा लागला तसं तिच्या घरी नवं पिल्लू आलं, काळंभोर. मी तडक कुंपण ओलांडून गेले, पिल्लू उचललं आणि तिच्यादेखत त्याचं नाव ठेवलं.

“कायले वं बाई?” ती चिडून म्हणाली. “नेनारच हाये त्याले.”

“नेऊ दे. पन कोनाले नेलं, हे तं समजन तुले.”

ती फणकारत आत निघून गेली. मी रोज कुंपणावरून त्या पिल्लाला नावाने हाका मारत राहिले. ती रोज ऐकत होती. एकदा तर मला म्हणाली, “तुयं डोकं फिरलं.”

पुढची दिवाळी झाली. मी पडवीत दिवा लावत होते आणि माझा कुत्रा पायाशी बसला होता. कुंपणापलीकडून शेजारणीचा आवाज आला. अंधार पडत आला होता आणि ती मी ठेवलेल्या नावाने हाक मारत होती, “ये रे बापा, लवकर अंदर ये.”