मामा, टॉवेल काढा

"मामा, तो टॉवेल काढा. लोकांना काही दिसत नाहीये."

सर हे माइकवरून म्हणाले. खचाखच भरलेल्या सभागृहात. सोलापुरातलं नावाजलेलं कॉलेज, राष्ट्रीय चर्चासत्र, विषय 'पैसा, भाषा आणि साहित्य'. स्टेजवर माझा बाप उभा. धोतर, डोक्याला पटका, अंगात मी आणलेला नवा शर्ट. समोर बाहेरगावाहून आलेले एक प्राध्यापक, गालातल्या गालात हसणारे. दोघांचे उजवे हात एका टॉवेलाखाली.

आबा सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखतात. बाजाराच्या दिवशी लोक त्यांना सौदा जुळवायला बोलावतात. तिथं भाव तोंडानं बोलायचा नसतो. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालतात. बोटं धरायची, दाबायची, सोडायची. कुठलं बोट म्हणजे किती, ते त्या दोघांना कळतं. भोवती माणसांचं कडं असतं, पण आकडा कुणाच्या कानावर पडत नाही. घरात आजारपण आहे म्हणून कुणी पडत्या भावात मेंढरू दिलं, तर त्याची लाज टॉवेलाखालीच राहते. सौदा मोडला तरी कुणाचा पाणउतारा होत नाही. त्यासाठीच टॉवेल असतो. भर बाजारात तो ओढणाऱ्याला आमच्याकडे मार खावा लागतो.

आबांनी सरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मी स्टेजच्या कडेला दुसरा माइक धरून उभी होते. सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी, सरांची लाडकी, गळ्यात कार्यकर्तीचा बिल्ला.

आणि मी म्हणाले, "आबा, काढा की."

त्यांनी टॉवेल काढला. त्याची नीट घडी घातली, खांद्यावर टाकली. मग उघड्या हातानं त्या प्राध्यापकाचं एकेक बोट धरून आकडे दाखवले. लोकांनी मोबाइल वर धरले. मागून कुणी शिट्टी मारली. सर म्हणाले, "हे आपल्या भाषेचं चालतंबोलतं संग्रहालय आहे!" टाळ्या. मग सत्कार. पाहुण्यांना सोलापुरी चादर. आबांना नॅपकिन.

परत जाताना एसटीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. सांगोला यायच्या सुमारास त्यांनी नॅपकिन उलगडून बघितला. म्हणाले, "भाकरी बांधाय बरा हाय."

सरांबद्दल सांगायला हवं. या माणसानं आयुष्यभर एकाच विषयाचं पीक घेतलं. तरुणपणी अभंगांतल्या व्याज, मुद्दल, हुंडी असल्या शब्दांवर निबंध लिहिला. निबंधाचं पुस्तक झालं, पुस्तकावर बढती मिळाली, बढतीवर समित्या आल्या. मग कादंबऱ्यांमधले सावकार, मग नाटकांमधला हुंडा. प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं, "शब्द हेही चलनच असतं." हे म्हणताना ते डोळे मिटत. मंडईत मेथीची जुडी घेतल्यावर वर कोथिंबीर फुकट मागताना मात्र डोळे टक्क उघडे असत. मी शेजारी पिशवी धरून उभी असायची. संशोधक विद्यार्थिनीला पिशवीही धरावी लागते.

मी त्यांच्याकडे का गेले? मला वाटलं, विषय आपलाच आहे. भाव, वायदा, इसार हे शब्द ऐकतच मी वाढले. बाजारात तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. आपण पैशाच्या बोलीवर लिहायचं, पुस्तकात नसलेलं पुस्तकात आणायचं, असं मनात होतं. पहिल्याच भेटीत सरांनी विचारलं, "घरी काय करतात?" मी सांगितलं. ते खूश झाले. "वा! म्हणजे तू स्वतःच फील्डवर्क आहेस." मी हसले. मला तो मान वाटला होता, इतकी मी बावळट.

मग सुरू झालं. "'न्हाय' म्हणू नकोस. लोकांना वाटेल मी कुणालाही घेतो." बोलीभाषेवर काम करणारी मुलगी सरांना हवी होती, पण तिनं बोलीत बोलायचं नाही. बोली फक्त तळटिपेत. मी जीभ घासून पुसून घेतली. घरी गेल्यावरसुद्धा 'नाही, नाही' करायला लागले. आई म्हणायची, "पावनी आली बग."

सरांना घरी मीच नेलं. घोंगड्यावर बसायच्या आधी त्यांनी आपला रुमाल पसरला. चहाचा कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मी आबांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर खूप मोठे आहेत. काही लपवू नका, सगळं सांगा." आबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय, सांगतो की." दोन तास बोलले. सरांनी सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. जाताना मला म्हणाले, "तुझे वडील अगदी भाबडे आहेत गं."

त्यानंतर ते चर्चासत्र झालं. आणि चर्चासत्रानंतर वर्षभरात सरांचं नवं पुस्तक तयार झालं. मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली. फुकट, अर्थातच.

चौथं प्रकरण होतं टॉवेलाखालच्या भाषेवर. वाचायला लागले. पहिली बारा पानं माझ्या प्रबंधातली होती. माझी वाक्यं. माझे स्वल्पविरामसुद्धा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पुढं आबांनी सांगितलेले बोटांचे आकडे, तक्ता करून. शेवटी आभार. त्यात माझं नाव 'टंकलेखन साहाय्य' म्हणून. आबांचं नावच नाही. तिथं लिहिलं होतं, 'सांगोला परिसरातील एक निरक्षर मेंढपाळ'.

ती पानं घेऊन मी गावी गेले. दुपारची वेळ, आबा मेंढीची लोकर कातरत होते. म्हटलं, तुमच्याबद्दल छापलंय, ऐका. तक्ता वाचायला लागले. अंगठा दाबला तर पाच. करंगळी वळवली तर निम्मं. दोन बोटं सोडली तर...

कातर थांबली. आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पकड सुटली आणि मेंढी अर्धीच कातरलेली, तशीच पळाली.

"आसं बोट धरलं तर गडी बाजारातनं नागडा घरी जाईल की!"

"म्हणजे? तुम्ही खोटं सांगितलं?"

"मग? परक्याला खरा आकडा कोन सांगतंय? उद्या छापून आलं तर टॉवेलाखाली काय ऱ्हाईल?"

"आणि स्टेजवर?"

"तितं तर समदंच खोटं."

मीही हसायला लागले. पोट धरून हसले. भाबडे म्हणे! हयात पैशाच्या भाषेत घातलेल्या माणसाला माझ्या निरक्षर बापानं दोन तासांत गिऱ्हाईक करून सोडलं होतं. मग हसू ओसरलं तेव्हा मी म्हणाले, "मला तरी सांगायचं, आबा."

आबा मेंढीला परत धरून आणत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू 'काढा' म्हणालीस की. त्या टायमाला तू बी त्येंच्यातलीच हुतीस."

आवाजात राग नव्हता. बाजारात मेंढराचं वय सांगावं तसं सांगितलं. मला मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही. वर्षभर मी मनातल्या मनात आबांच्या अपमानाबद्दल झुरत होते. त्यांनी तर आपला आकडा झाकूनच ठेवला होता. त्या स्टेजवर उघडी पडली होती ती मी. सरांना मोठं म्हणणारी मी, पिशवी धरणारी मी, बापाला 'काढा की' म्हणणारी मी. मला स्वतःची शिसारी आली, आणि ती येणं बरोबर होतं.

सोमवारी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी एक पत्र तयार ठेवलं होतं. चौथ्या प्रकरणातली सगळी सामग्री सरांनी स्वतः फिरून गोळा केली, मी फक्त टंकलेखन केलं, असं मी लिहून द्यायचं. प्रकाशकाला हवं होतं.

"सही कर. तुझ्या प्रबंधावर मीही आजच करतो."

तीन वर्षांचं काम त्या टेबलावर होतं. सरांची सही नसेल तर प्रबंध जमा होत नाही. दुसरा मार्गदर्शक घ्यायचा तर ना-हरकत पत्र लागतं, आणि तेही सरांनीच द्यायचं. कासरा दोन्ही बाजूंनी त्यांच्याच हातात.

मी म्हणाले, "सही करनार न्हाय."

कितीतरी दिवसांनी तो 'न्हाय' तोंडातून निघाला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आणि सर, तो तक्ता चुकीचा आहे. आबांनी तुम्हाला खोटे आकडे सांगितलेत."

ते हसले. मास्तर पहिलीच्या पोराला हसतो तसे. "चूक की बरोबर ते ठरवणार कोण? तुझे वडील?"

"हो."

"अगं, त्यांना वाचता तरी येतं का?"

अडाणी माणूस विद्वानाला फसवू शकतो, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. ती शक्यता त्यांच्या कुठल्याच ग्रंथात नव्हती. म्हणाले, "तुझ्यासारख्यांना आम्ही इथवर आणतो, आणि तुम्ही हे पांग फेडता."

"मला एसटीनं आणलं, सर," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

पुस्तक त्याच तक्त्यासकट आलं. त्याच सभागृहात प्रकाशन झालं. मी शेवटच्या रांगेत बसले होते. सरांनी स्वतः प्रात्यक्षिक केलं. अध्यक्षांचा अंगठा दाबला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाच!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मी हसले. मोठ्यानं, आबांसारखी. पुढच्या रांगांतली डोकी मागं वळली. सरांनीही बघितलं. मग त्यांच्या अंगावर चादर घालण्यात आली.

ना-हरकत पत्र मिळालं नाही. मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. तासिका तत्त्वावर शिकवत होते, तेही गेलं. मुलाखतीच्या समितीवर सरच होते. दोन मार्गदर्शकांना भेटले. दोघेही म्हणाले, विषय छान आहे, पण सरांशी वाकडं कोण घेणार? पैसा आणि भाषेवर गप्पा मारणारी ही सगळी जमात. यांच्या तोंडाला किती भावात कुलूप बसतं, ते मला आता टॉवेल न घालताही कळतं.

आबांना एकदा विचारलं, खरे आकडे मला सांगाल का? म्हणाले, "पेन घिऊन आलीस तर न्हाय." मला ते पटलं. खरे आकडे मी कुठंही छापणार नाही. माझ्या प्रबंधातही नाहीत, इथंही नाहीत.

पण प्रबंध मी लिहिणार. पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या विद्यापीठात, आणखी पाच वर्षं लागली तरी. कुणाची पिशवी न धरता. पहिलं वाक्य लिहून ठेवलंय. 'या सौद्याच्या भाषेबद्दल सरांच्या ग्रंथात जे छापलं आहे ते खोटं आहे, आणि ते माझ्या बापानं जाणूनबुजून सांगितलं आहे.' सरांचं नाव तिथं स्पष्ट असेल. आणि त्याखाली आबांचं. आडनावासकट, पूर्ण.