ओळीनं वाचणारं घर

त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. बायकोसुद्धा. फरशी बसवणारे शहरात पुष्कळ होते, पण त्या वस्तीत नुसतं मिस्त्री म्हटलं की हेच.

नाकासमोर चालणारा माणूस. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेले तरी नजर खाली जमिनीवर. एखाद्या फरशीवर पाऊल पडलं की थांबत, वाकून बोटाच्या पेराने टकटक करत आणि म्हणत, "ही पोकळ वाजते. खाली माल भरलेला नाही." घरमालक म्हणे, "दिसत तर काही नाही हो." "आज नाही दिसणार. वर कपाट ठेवाल त्या दिवशी दिसेल." स्वतःच्या कामात एक जरी पोकळ वाजली तर ती उखडून पुन्हा बसवत. हाताखाली दोन्ही मुलगे होते. ते कुरकुरत, पण उखडत.

सगळा जन्म गुडघ्यांवर गेला. गुडघ्यांना बांधायच्या रबरी गाद्यांचा पार कागद झाला होता. घरच्या प्रार्थनेत सगळे गुडघे टेकत, तेव्हा धाकटा म्हणे, "पप्पा, तुम्ही खुर्चीवरूनच करा. तुमचे गुडघे दिवसभर प्रार्थनेतच असतात." मिस्त्री हसत आणि तरीही टेकत. उठताना मात्र टेबलाचा कोपरा धरावा लागे.

रोजचं शास्त्रवाचन या घरात आलं ते बायकोच्या पायांनी. लग्नाआधी मिस्त्रींचा शास्त्राशी संबंध रविवारपुरता, तोही पाळकसाहेब वाचतील तेवढाच. नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात जेवणानंतर टेबल पुसलं आणि बायबल उघडून ठेवलं. मिस्त्री दिवसभर दमलेले. पहिली दोन वर्षं त्यांनी बहुतेक अध्याय डुलक्या काढतच ऐकले. ती काही बोलत नसे. वाचून झालं की म्हणे, "झोपलात तरी इथेच झोपलात, उठून गेला नाहीत."

तिचे दोन नियम होते, तिच्या वडिलांकडून आलेले. पहिला, ओळीनं वाचायचं. काल जिथे थांबलो तिथून आज पुढे. नुसती नावंच नावं असलेली पानंसुद्धा गाळायची नाहीत. थोरला लहानपणी एकदा वैतागून म्हणाला होता, "ही नावं कशाला वाचायची?" तिने शांतपणे विचारलं, "यादीत तुझं नाव असतं तर गाळलेलं चाललं असतं?" शेवटचं पान संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं पान.

दुसरा नियम याहून अवघड. पाळीपाळीने एकाने वाचायचं आणि मग प्रत्येकाने एकेक वाक्य बोलायचं, पण फक्त स्वतःबद्दल. "मला हे समजलं नाही," "मला हे टोचलं," असं. दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नाही. मुलं भांडून आलेली असत आणि खोटं बोलण्यावरचं काही वाचनात आलं की एकमेकांकडे डोळे वटारून बघत. मग आईचा आवाज यायचा, "बोट नाही. डोळ्याचंही नाही."

अशी वर्षं गेली. मिस्त्रींच्या डुलक्या थांबल्या. नंतर तर असं झालं की एखाद्या संध्याकाळी काम लांबलं आणि वाचन चुकलं, तर त्यांना हात न धुता जेवल्यासारखं वाटे.

आणि मग मिस्त्रींच्या स्वतःच्याच घरात, त्यांनी बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर, बायको पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने अंथरूण, आणि जवळ सतत कुणीतरी हवं.

ती दवाखान्यात असतानाच घरी बोलणं झालं. थोरला, मधली मुलगी, धाकटा आणि मिस्त्री. मुलगी एका चष्म्याच्या दुकानात होती. काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाला आणायच्या आणि तडा न जाता बसवायच्या. हे काम ती तिथेच शिकली होती. हात इतका बसला होता की अवघड काचा मालकीणबाई तिच्यासाठी राखून ठेवत.

"सगळ्यांनी वाटून घेऊ," मुलगी म्हणाली. "सकाळी दादा, दुपारी हा, दुकानातून आल्यावर मी."

"आणि आमचं काम?" मिस्त्री म्हणाले. "चार मजल्यांची फरशी आहे. दोन माणसं कमी करून कसं चालेल?"

"काम माझंही आहे, पप्पा."

"तुझं काय. काचा तर घासायच्या."

थोरल्याने मान खाली घातली. धाकट्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. मुलगी म्हणाली, "दिवसभर फरशी घासणाऱ्या माणसाने हे बोलावं?"

मिस्त्रींना राग आला. पुढे त्यांनी जे केलं ते त्या घरात कधीच घडलं नव्हतं. त्यांनी बायबल ओढून घेतलं, खुणेच्या फितीकडे पाहिलंच नाही, भराभर पानं पुढे उलटली आणि मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असं जिथे आहे तो भाग मोठ्याने वाचला. तेवढाच. वाचून पुस्तक मिटलं.

"संपलं?" मुलीने विचारलं. "त्याच्याच खाली अजून आहे."

खाली बापांसाठी लिहिलेलं आहे, मुलांना चिडीला आणू नका अशा अर्थाचं. ते ठाऊक नव्हतं असं त्या खोलीत कुणीही नव्हतं.

"आजच्याला पुरे," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगी दुकानात जाऊन काम सोडून आली.

आई घरी आली. मुलगी तिला उठवी, बसवी, अंग पुसून देई, स्वयंपाक करी, डबे भरी. कशातही कमी नाही. वाचन आता आईच्या पलंगापाशी होऊ लागलं. पण पुस्तक उघडलं की मुलगी ताटं गोळा करून स्वयंपाकघरात जाई.

"ये ना गं," आई हाक मारी.

"मला त्या दिवशी मिळालं की. पुष्कळ दिवस पुरेल."

आईने सगळ्यांना विचारून काय घडलं ते काढून घेतलं आणि मुलगे गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही शास्त्राचा हातोडा केलात."

"वचनच वाचलं ना मी? शिवी तर दिली नाही."

"शिवी दिली असतीत तर ती विसरली असती. आता तिला पुस्तक दिसलं की तुमचा तो आवाज ऐकू येतो. माझी लेक तुमच्यामुळे देवाच्या टेबलावरून उठली आहे, मिस्त्री. पाय जुळेल माझा. हे कसं जुळवणार आहात?"

घुश्शात आहे, येईल चार दिवसांत, असं मिस्त्री स्वतःला सांगत. पण चार दिवस कधीच उलटून गेले. मुलगी त्यांच्याशी बोले, "डबा भरलाय," "आईचं औषध दिलंय." आवाजात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. टकटक करून पाहण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना तो आवाज कसला हे कुणी सांगायला नको होतं.

आईने वाचन फितीपासूनच पुढे सुरू केलं होतं. शौल राजा होऊन गेला, दावीद आला. एका संध्याकाळी थोरल्याने वाचलं की दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि त्या नवऱ्याला लढाईत मरायला धाडलं. पुढची पाळी मिस्त्रींची.

त्यांनी वाचायला घेतलं. संदेष्टा राजाकडे येतो आणि एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे मोप मेंढरं असतात, गरिबाकडे एकच कोकरू, लेकरासारखं वाढवलेलं. श्रीमंताकडे पाहुणा येतो. आपल्या कळपाला हात न लावता तो गरिबाचं कोकरू कापतो. राजा संतापतो, असा माणूस जगायच्या लायकीचा नाही म्हणतो. आणि संदेष्टा त्याला तोंडावर सांगतो की तो माणूस म्हणजे राजा स्वतःच.

इथे मिस्त्री अडखळले. तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली, मग पुढचं कसंबसं संपवलं.

"मला पहिल्याच ओळीत कळलं होतं," धाकटा म्हणाला. "राजाला इतका वेळ कसा लागला, ते मला समजलं नाही."

"दुसऱ्याचं तुला नेहमीच लवकर कळतं," थोरला म्हणाला.

"बोट नाही," आई म्हणाली. "मिस्त्री, तुम्ही."

आत नळ चालू होता, ताटांवर पाणी पडत होतं. थोरला घसा खाकरून काही बोलणार, तेवढ्यात आईने हाताने त्याला थांबवलं.

"माझ्याकडे दोन पोरं होती," शेवटी मिस्त्री म्हणाले. "तिसरा मी होतो. मी आमच्यातल्या कुणालाच हात लावला नाही. तिच्याकडे ते एकच काम होतं."

मिस्त्री पलंगाचा काठ धरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

मुलगी पाठमोरी होती. तिने नळ बंद केला, पण वळली नाही.

"मी तुझं काम काढून घेतलं," ते म्हणाले. "वर देवाचं नाव लावून घेतलं. ते जास्त वाईट. मी चुकलो."

"आता सांगून काय उपयोग?"

"उपयोग आहे की नाही, ठाऊक नाही. सांगायला हवं होतं."

"आज शास्त्राने सांगितलं म्हणून आलात?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "माझं मला कळलं नसतं. ओळीनं वाचत होतो म्हणून त्याने मला गाठलं. निवडायचं असतं, तर हे पान मी जन्मात उघडलं नसतं."

तिने एक ताट पुसलं, दुसरं पुसलं. "झोपा आता, गुडघे दुखतील," एवढंच म्हणाली.

सकाळी मिस्त्री कामावर न जाता चष्म्याच्या दुकानात गेले. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की जागा भरली, नवी मुलगी आली. मिस्त्री उभेच राहिले. "तिने हौसेने सोडलं नव्हतं हो. मी सोडायला लावलं," ते म्हणाले.

बाईंनी काउंटरवरची काच उगाचच पुसली. "नवी चांगली आहे, पण दोन दिवसाआड एक काच फोडते. दुपारनंतर येते का विचारा. निम्मा दिवस. त्याहून जास्त आता माझ्या हातात नाही."

निम्मा तर निम्मा. मुलगी दुपारची जाऊ लागली. दुपारी एक दिवस थोरला घरी, एक दिवस धाकटा, आणि आठवड्यातून दोनदा मिस्त्री स्वतः. चार मजल्यांचं काम रेंगाळलं, ठेकेदाराने ऐकवायचं ते ऐकवलं. धाकट्याने आईचे केस विंचरले तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "रोज दोरी लावून फरशी बसवतोस ना रे? मग भांग असा नदीसारखा कसा?"

पण वाचन सुरू झालं की मुलगी अजूनही आतच. मिस्त्रींनी तिला बोलावलं नाही. बोलवायचा हक्क आपण घालवला, तो परत मिळेपर्यंत थांबायचं, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं. देवाजवळ ते रोज मागत, तेही मनातल्या मनात.

एका संध्याकाळी थोरल्याने पुस्तक उघडलं आणि घुटमळला. "पप्पा, पाळीने बघितलं तर आज मधलीची आहे. इतके दिवस आपण तिची पाळी सोडून पुढे जातोय."

"मग आज सोडू नको," मिस्त्री म्हणाले. "पुस्तक उघडं राहू दे. नाही आली तर आज वाचन नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत वाचन कधी मुद्दाम थांबवलं नव्हतं.

सगळे बसून राहिले. आत ताटांचा आवाज संपला. थोड्या वेळाने मुलगी हात पुसत दारात आली.

"काय झालं? वाचत का नाही?"

"तुझी पाळी आहे," थोरला म्हणाला.

तिने बापाकडे पाहिलं. मिस्त्री पलंगाच्या पायाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मुलगी आली, आईच्या उशाशी बसली आणि पुस्तक मांडीवर घेतलं. तिने वाचलं. दावीदाचा मुलगा बापावर उलटतो आणि बाप अनवाणी, रडत शहराबाहेर पडतो, तो भाग होता. ती सावकाश, एकही नाव न गाळता वाचत गेली.

मग एकेक जण बोलला. शेवटी ती.

"मला अजून राग आहे," ती म्हणाली.

"असू दे," मिस्त्री म्हणाले. "तो घेऊन बस. पण बस."

मग ते गुडघे टेकायला वाकले, आणि तिने त्यांच्या कोपराखाली हात धरला.