माझा जुना नंबर राजूरला राहतो

मुलीला कृषी महाविद्यालयात जायचे होते. त्यासाठी जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता आणि त्याची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. सगळे कागद जमले होते, एक सोडून : माझ्या आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला. मूळ कागद वाळवीने खाल्ला होता आणि शाळेतून नवी नक्कल काढायची तर महिना गेला असता. पण तो मी कधीतरी स्कॅन करून क्लाउडवर ठेवला होता. ठेवला आणि विसरले. आता उघडायला गेले तर उत्तर आले, फार दिवस वापर नसल्याने खाते बंद केले आहे. सुरू करायचे तर नोंदवलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाका.

नोंदवलेला मोबाइल म्हणजे माझे जुने सिम. दोन-दोन सिमना रिचार्ज कशाला, म्हणून मीच ते बंद पडू दिले होते. त्या नंबरवर फोन लावला. एका बाईने उचलला.

"नमस्कार. तुमच्या फोनवर आता एक ओटीपी येईल, तेवढा मला सांगता का?"

वाक्य तोंडातून निघाले आणि मग कळले की देशातला प्रत्येक भामटा हेच बोलतो.

"लाज नाही वाटत का वं? बाईमाणूस होऊन असे धंदे!" फोन बंद.

मुलीच्या फोनवरून पुन्हा लावला. हा नंबर आधी माझाच होता, असे सांगू लागले. "मंग काय आरती ओवाळू तुही?" पुन्हा बंद.

दहा मिनिटांत नेरहून मोठ्या नणंदबाईंचा फोन. "वहिनी, सांभाळून राह्य. राजूरच्या माह्या मैतरणीले एक चोट्टी फोन करून ओटीपी मागून राह्यली. म्हणे हा नंबर माहाच होता."

"ताई, ती चोट्टी मीच."

मग उलगडा झाला. नणंदबाईंनी माझा जुना नंबर कधी पुसलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी चुकून लावला, राजूरच्या बाईंनी उचलला आणि गट्टी जमली. तेव्हापासून दर रविवारी तासभर बोलणे. तो नंबर मुळात माझा, हे त्या विसरूनही गेल्या होत्या. "तुले सवड कुठं असते? ते ऐकून तरी घेते," नणंदबाई म्हणाल्या.

त्यांनी माझी हमी दिली, तरी मैत्रीण ऐकेना. आवाजाचे आजकाल खरे नाही, व्हिडिओत चेहरेही बदलतात. खरी असेल तर घरी येऊन तोंड दाखव. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मायलेकी मारेगावहून बसने वणीला आणि तिथून ऑटोने राजूरला.

बाई माझ्याच वयाच्या, नवरा कोळशाच्या खाणीत कामाला. बाजेवर बसवले, पाणी दिले आणि उलटतपासणी सुरू केली.

"दिवाळीले नणंदेनं देलेली साडी कुठं आहे?"

मी मुलीकडे पाहिले. ती मान खाली घालून हसत होती. अर्ज भरायला सहा-सात तास उरले होते.

"भांडेवालीला दिली. साडीच्या बदल्यात स्टीलचा डबा घेतला."

"बरोबर. तुमच्या पुरणात काय कमी असते?"

"वेलची."

"चूक."

"बरं, गूळ."

"नणंद राह्यले आली का तिसऱ्या दिवशी काय इचारता?"

"नेरची बस किती वाजता आहे, ते."

बाजेवर उपडा ठेवलेला फोन खदखदून हसला. नणंदबाई पहिल्यापासून ऐकत होत्या. "हेच वहिनी! दे तिले ओटीपी. डब्याचा तं मले नुसता संशय होता, आज कबुली भेटली!"

आम्ही तिघी हसत सुटलो. मुलीने बटण दाबले, सहा आकडे आले आणि नणंदबाई डबा किती मोठा हे विचारत असताना त्या आकड्यांची मुदत संपली. दुसऱ्यांदा मुलगी ओरडली, "आत्या, दोन मिनिटं चूप!" बाईंनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. खाते उघडले. दाखला होता, वाकडा स्कॅन केलेला, पण शिक्क्यासकट.

मुलीने तिथेच अर्जाला जोडला. पडद्यावर चाक फिरत राहिले. बाईंनी रेंजसाठी फोन उंच धरायला सांगितला, मग स्टुलावर चढायला. स्टुलावरूनच मुलगी किंचाळली, "गेला! आई, अर्ज गेला!" आणि तिथूनच बाईंच्या गळ्यात पडली. शेजारणी धावत आल्या. कोणाचे काय झाले हे कोणी विचारले नाही, त्याही हसू लागल्या.

"कायच्या कॉलेजात चालली पोरगी?" बाईंनी डोळे पुसत विचारले.

"शेतकीच्या."

"मंग इकडं ये वं. माह्या लिंबाचं फूल कायले गळून राह्यलं, पाह्य बरं."

प्रवेश अजून व्हायचा होता. तरी मुलगी अंगणात गेली, खाणीच्या धुळीने काळे झालेले पान ओढणीने पुसले, उलटून पाहिले आणि मोठ्या गंभीरपणे म्हणाली, "पहिले झाड धुऊन काढा."

बाई बादली आणायला गेल्या.