खेळात उरलेली माणसं

आमच्या गेममध्ये रोज किती माणसं खेळतात, हे कंपनी कधी सांगायची नाही. मोबाईलवरच्या लोकप्रिय गेमच्या यादीत तिचा नंबर तेवढा दिसायचा, आणि तो दर महिन्याला खाली सरकत होता.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल तपासतो. चार नग बघून अख्ख्या पेटीचा अंदाज बांधायची सवय. मग वही घेतली. ज्या गेमवाल्यांनी आपली खेळणारी माणसं फुशारकीनं जाहीर केली होती, त्यांचा यादीतला नंबर एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला लिहिली. वरच्या काही गेममध्ये माणसांचा नुसता पूर. मग आकडा धाडकन कोसळतो आणि पुढं लांबच लांब सपाटी. त्या सपाटीवर आमची गेम कुठं बसते, ते शोधायचं. बायको म्हणायची, "रिकामा न्हावी, कुडाला तुंबड्या लावी."

तिला कारण ठाऊक होतं, तरी म्हणायची. फुलंब्रीच्या शेताच्या वाटणीत बांधावरून माझं नि थोरल्या भावाचं बिनसलं आणि बोलणंच बंद झालं. त्याआधी आम्ही दोघांनी मिळून ही शेतीची गेम खेळायला घेतली होती. तिच्यात आमची रानं अजून शेजारी शेजारी होती, मधे बांध नव्हता. रोज सकाळी दादाकडून माझ्या बैलांना कडब्याची पेंढी यायची, मी उलट एक पाठवायचो. एवढंच. माणसं फार कमी झाली की कंपनी गेम बंद करणार आणि तेही संपणार, या भीतीनं मी मोजत बसायचो.

शेवटचा अंदाज काही शेकड्यांवर आला. तेवढ्यासाठी कोण गेम चालवतं? पण त्या शेकड्यांत दादा होता, तेवढ्यावर मी तगून होतो.

मग नात्यातल्या एका लग्नात वहिनी भेटली. दादा दहा पावलांवर पाठमोरा उभा होता. मी हळूच विचारलं, "दादा अजून ती गेम खेळतो का?"

"कशाची गेम? यांचा फोन इहिरीत पडला, त्याला दोन वर्षं झाले. तवापासून बटणाचाच हाय. लई बरं झालं."

"पण रोज पेंढी येते त्याची."

"मला नाय बा ठाऊक," म्हणत ती पंगतीकडं गेली. मी दादाकडं गेलो नाही.

घरी येऊन गेमचे नियम पहिल्यांदा नीट वाचले. शेजारी येईनासा झाला, तर त्याच्या नावानं गेमच पेंढी पाठवते, म्हणजे खेळणाऱ्याचा हिरमोड होत नाही. मला रडू आलं, आणि रडू आल्याची लाजही वाटली. वही काढली आणि अंदाजातून एक वजा केला.

सकाळी दादाच्या नावाची पेंढी आली. ती बैलांना घातली आणि उलट एक पाठवली.