बारकीच्या खोलीचं कुशनकाम

माझ्यासारखं कुशनकाम आमच्या भागात कोणी करत नाही. माझ्या सोफ्यावर बसलेला पाहुणा लवकर उठत नाही, अशी घरवाल्यांचीच तक्रार असते. पण आज माझी नाही, धाकट्या बहिणीची गोष्ट सांगायची आहे. आम्ही तिला बारकी म्हणतो. ती माझ्याही वरची आहे, आणि असं मी दुसऱ्या कोणाबद्दल म्हणत नाही.

बारकी हेल्पलाइनवर काम करते. ज्या बायका-मुलींवर जबरदस्ती झाली त्या तिथे फोन करतात. कधी पुरुषही करतात. नाव सांगायची सक्ती नाही. पोलिसांत जायचं, दवाखान्यात जायचं की नुसतं मन मोकळं करायचं, ते फोन करणाऱ्याने ठरवायचं. ऐकलेलं घरी आणायचं नाही. मी सुरुवातीला फार खोदून पाहिलं. ती म्हणायची, "दादा, आमटी वाढ." मी दहावीला आपटलेला माणूस, पण हिच्याकडून काही निघणार नाही एवढं मला कळलं. छाती फुगली माझी.

एकदा ती दुकानात आली तेव्हा मी सोफ्याला कापड ठोकत होतो. ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेले.

"बरं झालं, तोंड भरलेलं आहे," ती म्हणाली. "आता नुसतं ऐक."

तिच्या ऑफिसात प्लायवूड मारून खोल्या पाडलेल्या. इकडचं बोलणं तिकडे जायचं. फोनवरच्या बाईला मागे दुसरा आवाज आला की तिला वाटायचं, अजून कोणीतरी ऐकतंय. लगेच फोन बंद.

"एकदा ठेवला की परत करेलच असं नाही, दादा. तू माझ्या खोलीच्या भिंती फोमने भरून दे. पण ते ऑफिस कुठे आहे ते कोणालाही सांगायचं नाही."

मी तोंडातल्या चुका काढल्या. "वहिनीला?"

"वहिनीलाही नाही."

दुकानामागेच आमचं घर. आतून बायको म्हणाली, "त्यापेक्षा ह्यांना उपाशी ठेवा, ते जमेल ह्यांना."

फोन दुसरीकडे वळवून बारकीच्या ऑफिसवाल्यांनी मला जागा मोकळी करून दिली. जाड फोम, वर घट्ट कापड, दाराच्या फटीला रबर, खाली गालिचा. पंखा घरघरायचा, तो नीट केला. (ती खोली कशी दिसते हे मी इथे झकास लिहिलं होतं, बारकीने वाचून खोडलं.) मग दार लावून आत मी बोंब ठोकली. बाहेर उभ्या बारकीला काही ऐकू गेलं नाही.

"आहे का असा कारागीर?"

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नाही.

पुढच्या आठवड्यात तोंड पाडून आली. "फोन अजूनही ठेवतात."

"शक्यच नाही. टाचणी पडली तरी..."

"तेच झालंय. काहीजणी बोलतच नाहीत. आम्ही घाई करत नाही, सोबत गप्प बसतो. मधेच 'मी आहे' म्हणतो. पण सारखं म्हटलं तर मागे लागल्यासारखं होतं. आधी निदान पंखा ऐकू यायचा. आता त्यांना वाटतं, मीच उठून गेले."

माझ्या कामात खोट? मी म्हटलं, तू तिथे जा, तिथून मला फोन लाव आणि गप्प बस. तसं केलं. मी फोन कानाला धरला. काहीच नाही. विहिरीत कान घातल्यासारखं. थोड्याच वेळात माझ्याच तोंडून निघालं, "बारके, आहेस ना गं?"

मग मी तिच्या खुर्चीची फोमची बैठक काढली आणि वेताची विणली. आवाज गिळणारा गालिचाही उचलला. जरा हललं की वेत बारीक कुरकुरतो. गिऱ्हाइकं कुरकूर बंद करायला माझ्याकडे येतात. मुद्दाम कुरकुरणारी खुर्ची करून देणारा दुसरा कोणी दाखवा मला.

पुन्हा फोन लावला. ती बोलली नाही, मीही नाही. पलीकडे वेत कुरकुरला. ती तिथेच होती.

बायको डोकावली. "फोन बंद पडला का?"

"नाही. बारकी आहे."

"मग बोला की काहीतरी."

मी हातानेच तिला थांब म्हटलं. बरं वाटत होतं.

महिना गेला असेल. बारकी जेवायला आली आणि पाटावरच म्हणाली, "दादा, आता थांबतात."

कोण थांबतं, काय बोलतं, मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "बैठक सैल झाली तर सांग, ताणून देतो."