कडुनिंबाखालचा बंद रेडिओ

आमच्या गावच्या एफएम केंद्राच्या इतिहासात माझं योगदान एका शब्दाचं आहे.

केंद्र तेव्हा नवं होतं. कॉलेजमागच्या दोन खोल्या, गच्चीवर अँटेना, आणि आवाज पोचायचा तो शेजारच्या बोरगाव मेघेच्या जेमतेम पुढे. (ढग आले की तेवढाही नाही!) त्यांना भुलाबाईची गाणी म्हणणारं कुणीतरी हवं होतं. माझ्या सासूबाई पुलगावच्या, सगळी गाणी तोंडपाठ. मी त्यांना मोठ्या रुबाबात घेऊन गेलो. निवेदिकेनं हेडफोन लावून दोन कडवी ऐकली आणि म्हणाली, "वा आजी! शनिवारी अकराला कार्यक्रम."

"झालं काय?" बाहेर येऊन सासूबाईंनी विचारलं.

"झालं! रेडिओवर सगळं आधीच रेकॉर्ड होते, आई." जणू माझा जन्मच स्टुडिओत झाला होता!

आता अडचण अशी, की पुलगावात केंद्र लागायचं नाही. आणि सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा जावयाकडे काही मागितलं. "माह्या बहिनींनी ऐकलं पायजे, जवाईबापू. बाकी काई नाई."

मग मी स्कूटरला रेडिओ बांधून पुलगाव रस्त्यावर हिंडलो आणि जिथवर आवाज येतो तिथला एक कडुनिंब शोधून काढला.

शनिवारी अख्खी सासुरवाडी त्या झाडाखाली. सतरंजी, डब्यात खिरापत, मधोमध नव्या लुगड्यात सासूबाई. अकरा वाजले. मी स्कूटरवरचा रेडिओ मोठा केला.

"नमस्कार! आज थेट आपल्या स्टुडिओतून भुलाबाईची गाणी म्हणणार आहेत पुलगावच्या आजी. आजी वाटेत असतील, तोवर ऐका एक गाणं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"थे माही वाट काऊन पाहून राह्यली?" सासूबाई म्हणाल्या. "माह्यं गानं तं झालं ना?"

"आवाज तपासला असंन तिनं," बायको कडाडली, "अन् हे म्हनते रेकॉर्ड झालं!"

दुसरं गाणं लागलं. मग तिसरं. निवेदिका रडकुंडीला आली आणि सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. शेवटी बायकोनंच केंद्राला फोन लावला.

"आजी, फोनवरूनच म्हणा!" निवेदिकेच्या जिवात जीव आला. "घेतेच तुम्हाला!"

त्यासरशी स्कूटरवरच्या रेडिओतून अशी शिट्टी उठली की झाडावरचे कावळे उडाले.

"अहो, जवळचा रेडिओ बंद करा आधी!"

म्हणजे रेडिओ ऐकायला एवढ्या लांब आलेले पाहुणे आता रेडिओ बंद करून बसले! फोन हातात धरून सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी खाली मान घालून उत्तर दिलं. मग त्या अशा गायल्या, अशा गायल्या, की बहिणींनीही डबा वाजवत सूर धरला. ऐकायला आलेल्या बाया स्वतःच रेडिओवर जाऊन आल्या!

हा कार्यक्रम मात्र केंद्रानं खरोखर रेकॉर्ड केला होता. दर वर्धापनदिनी केंद्राचा इतिहास सांगताना 'आपला पहिला फोनवरचा कार्यक्रम' म्हणून तो अगदी सुरुवातीपासून ऐकवतात. आता तर इंटरनेटमुळे मोबाइलवर पुलगावातही लागतो. सासुरवाडी आवाज मोठा करून बसते.

गाण्याआधी सासूबाईंचा आवाज येतो, "जवाईबापू, तुमाले रेडिओतलं काई समजते काय?"

आणि त्यामागून, जराही खरखर नसलेला, माझा.

"नाई."